वेचणीतलं इंग्रजी

बडनेरा, डिसेंबर २००६

हलीमा आपा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहून राहिलो.

यंदा कपाशीची उभी पराटी वाळली, वेचाले काही उरलं नाही, म्हणून तू नाजियाले माझ्या शाळेत धाडलं. काल वर्गात मी तिले विचारलं, इंग्रजी क्रियापदाले तीन रूपं काहून असतात? ती म्हणाली, "कापूस आज वेचतो ते एक, काल वेचला ते दोन, अन् वेचलेला गाठोड्यात पडला ते तीन."

हे तूच मले अकोटच्या वावरात समजावलं होतं. वेचणीपायी अब्बानं शाळा तुझी सोडवली, माझी नाही. अमरावतीच्या वसतिगृहाचे सर घरी परीक्षा घ्याले आले, तवा पडद्याआडून तू हळूच उत्तरं सांगत गेली अन् मी तेच मोठ्यानं बोलत गेलो. जागा एकच होती. ती मले भेटली.

"कोनं शिकवलं तुले?" मी नाजियाले विचारलं.

"अम्मीनं. अन् अम्मीले तुमी शिकवलं ना, मामू!"

सारा वर्ग माझ्याकडे पाहून राहिला होता. आपा, मी हो म्हटलं.

तुझ्याच आवाजात बोलणारा,
मोईज