कमांडर धूमकेतूचं पुनरागमन

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी शुद्ध मराठीत. चिडायचं नाही. बीपीची गोळी वाढली आहे.

मुंबईहून कास्टिंगवाल्या रिंकूचा फोन. 'ग्रह तेरा' ही मालिका बावीस वर्षांनी परत येतेय. कमांडर धूमकेतू म्हणजे मीच. एकशेचार भाग केले, क्रेनला दोन-दोन तास उलटा लटकलो. आणि ही पोरगी विचारते, सर, तुम्ही अजून अ‍ॅक्टिंग करता का? अजून म्हणजे? वर ऑडिशनचा व्हिडिओ पाठवा म्हणाली. फॉर्मॅलिटी असते. मी समजलो.

३ नोव्हेंबर, दुपार
चौकात सांगितलं. ग्यानबा म्हणतो, इंद्रभान, त्याच्यात तर तुहा आवाजच नव्हता. खरं आहे. माझ्या बोलण्यात वऱ्हाडी येतं म्हणून डायरेक्टरने दुसऱ्याकडून डब करून घेतलं. पण ओठ कोणाचे होते? जळतात लेकाचे. अख्ख्या किन्हीराजा गावात एकाला कलेतलं काही कळेल तर शपथ.

५ नोव्हेंबर
मालेगावच्या जिनेशकडून अभिनंदनाचा फ्लेक्स छापून चौकात लावला. निवड व्हायची आहे, मान्य. पण शुभ कामाला उशीर कशाला? फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे नऊ फोटो. माझा कोपऱ्यात, पासपोर्ट साइज. जिनेश म्हणे, भाऊ, नेत्याले लहान नाही करता येत. डोकं सणकलं. गोळी घेतली.

८ नोव्हेंबर
व्हिडिओ केला. सीन असा: ग्रह फुटणार आहे, कमांडर म्हातारीला यानात चल म्हणतो, ती नाही म्हणते. म्हातारीचे संवाद कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचावे लागतात. म्हणून ज्योत्स्नाला बसवलं. बायको आहे, फुकट आहे. मेथी निवडता निवडता वाचते म्हणाली.

कागदावर होतं, मी माझे निवासस्थान सोडणार नाही. ही म्हणते, कायले सोडू मी माहं घर, तू कोन व्हय सांगणारा? मी म्हटलं, वाच, बोलू नको. तर म्हणे, असं कागदावानी कोनी बोलते काय जी? अकरा टेक झाले. अकराव्यात माझ्या डोळ्यांत अंगार होता. हिला वाटलं बीपी वाढलं. पाणी घेऊन आली, फ्रेममध्ये.

तोच पाठवला. डोळ्यांसाठी.

१५ नोव्हेंबर
फोन नाही. गावात रेंजच नाही, ते तरी काय करतील. संकल्प: दहाच्या आधी मोबाइल पाहायचा नाही. ६.४० ला पाहिला.

१९ नोव्हेंबर
रिंकूचा फोन आला. म्हणते, सर, मागून बोलणाऱ्या त्या बाई कोण आहेत? डायरेक्टर सरांनी तीनदा ऐकलं. या वेळी अख्खा ग्रह वऱ्हाडी बोलणार आहे, त्यांना म्हातारी सापडली.

आन् कमांडर? कमांडर सव्वीस वर्षांचा पोरगा आहे म्हणे, दोन महिन्यांपूर्वीच ठरला. मग मले कायले नाचवलं? म्हणते, फॉर्मॅलिटी असते, सर.

२० नोव्हेंबर
लय संताप आला. बावीस वर्षं जीभ घासून घासून सरळ केली, मायच्या बोलीची लाज धरली. आन् आता याईले वऱ्हाडी पाह्यजे. हिनं मेथी निवडता निवडता माह्या हातचं काम नेलं. आरशासमोर रडलो. अभिनय म्हणून सुरू केलं, थांबलंच नाही.

ज्योत्स्ना म्हणे, तुमाले वाईट वाटत असन तं मी नाही जात. मी मोठ्या मनानं परवानगी देऊन टाकली. तिची बॅग भरेल होती.

२३ नोव्हेंबर
मुंबईहून प्रवासाचा फॉर्म आला. वाशीम स्टेशनवरून गाडी. कलाकार: ज्योत्स्ना. सोबत एक माणूस चालते. तो कोण, ते लिहायचं होतं. मी लिहिलं, ज्येष्ठ अभिनेते व मार्गदर्शक.

तिनं चष्मा लावला, वाचलं, सरळ रेघ मारली, वर लिहिलं: नवरा. म्हणे, खोटं कायले लिहिता जी, आन् खाली सही करा.

केली.