चौकशीचे पाहुणे

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी

पहिली आली ती विमल, समोरच्या खोलीतली. हाताला पीठ तसंच. डोळे एवढे मोठे की मला वाटलं कोणाच्या लूमला आग लागली. दारातूनच म्हणते, यमुनाताई, साडी बदला, कल्याणचे आले.

कल्याणचे म्हणजे तिनेच आणलेलं स्थळ. मुलगा रेल्वेत. येतील कधीतरी म्हणाली होती, पण असं न कळवता कोण येतं. साडी बदलायला वेळ कुठला, तिच्या मागे दोघं उभेच. एक पोक्त, बगलेत फाईल. एक पोरगेला, हातात पाटीएवढा मोबाईल. नाक्यावर प्रज्ञाचं घर विचारत होते म्हणे, विमलने हाताला धरल्यासारखे आणले.

मुलगा हाच का म्हणून नीट बघितला. बरा हाय. बूट बाहेर काढले, ते आवडलं.

घरात मी एकटी. पोरगा मिलिंद टेम्पो घेऊन अंजूरच्या गोडाऊनला, सून ड्युटीला, आणि जिच्यासाठी आले ती नात लॅबच्या कामाला. पोक्त म्हणाले, प्रज्ञाच्या चौकशीला आलोय. म्हटलं करा की, चौकशी करूनच करावं माणसाने.

मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू, अर्धं ऐकू येतंय अर्धं न्हाय. घर स्वतःचं का, माणसं किती. हे सगळेच विचारतात. मग म्हणाले, आधीचं कुठे काही चालू आहे का तिचं? राग आला पण गिळला. म्हटलं, आमच्या पोरीचं आधीचं काहीएक न्हाय. अख्ख्या गल्लीत विचारा. कोरी करकरीत हाय. पोरगेल्याने ते पण लिहून घेतलं.

नोकरीचं विचारलं. म्हटलं हौस म्हणून जाते, तुम्ही म्हणाल तर उद्या सोडेल. पगाराचं विचारलं. म्हटलं तिच्या पगारावर आमची चूल न्हाय. पुढे इथेच राहणार ना, म्हणाले. आता हा काय प्रश्न. म्हटलं छे, वर्षभरात जाईल आपल्या घरी. शेवटी पोरगेला विमलला म्हणाला, गाडी चालवता येते का तिला? विमलने कानाला हात लावले. गाडीबिडी न्हाय हो, मान वर करून चालत न्हाय आमची पोरगी.

चहा घेतला. मला दारात उभी करून फोटो काढला. पद्धत बदलली असेल. कळवतो म्हणाले.

एवढं गोड मी आयुष्यात बोलले न्हाय.

तीच तारीख, दिवे लागल्यावर

प्र. आली. (ज्ञ काढताना पेन अडतं. प्र. च लिहिते.) मी सगळं रंगवून सांगितलं. ती पाठीवरची बॅग न काढता तशीच उभी. म्हणाली, "आजी, ते लग्नाचे नव्हते. फायनान्सवाले होते. माझ्या बाईकचे."

मोटारसायकल घेतेय. हप्त्यावर. मंजूर झाली की पेढे आणून सांगणार होती.

काय काय बोललीस ते परत सांग, म्हणाली. सांगितलं. खाली बसली.

बी.पी.ची गोळी घेतली.

बुधवार, ता. ५

शोरूममधून फोन. फाईल परत. कारणं तीन: नोकरी पक्की न्हाय, पत्ता पक्का न्हाय, गाडी येत न्हाय. पहिली दोन माझी, तिसरं विमलचं.

प्र. रागावली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं. भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाली, "तू इतकं चांगलं बोललीस माझ्याबद्दल, की गाडीच गेली."

मग हळूहळू सगळं कळलं. लॅबने अंबाडीकडचा रूट काढलाय. सकाळी घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, थंड डब्यात ठेवायचं आणि दुपारच्या आत लॅबला पोचवायचं. म्हातारी माणसं, अडलेली माणसं, त्यांना कोण आणणार भिवंडीला. रूट प्र.ला देणार, पण १ मार्चला स्वतःची गाडी दारात पाहिजे. नसली तर दुसऱ्याला, आणि प्र. परत खिडकीत पावत्या फाडायला. आता ती शेअर रिक्षाने कोन गावापर्यंत जाते, मांडीवर डबा घेऊन. अंबाडीला तसं जमत न्हाय.

मिलिंद म्हणाला, माझं नाव लाव. फायनान्सवाल्यांनी आधीच बघितलंय, चालत न्हाय. दोस्ताच्या टेम्पोला सही दिली होती. दोस्त हप्ते बुडवून गेला गावाला, सही राहिली इथे.

शुक्रवार, ता. ७

विमल दोन दिवस तोंड दाखवत नव्हती. आज वाटीभर चवळीची उसळ घेऊन आली. म्हणते मी काय वाईट बोलले, मुलीबद्दल जे बोलायचं तेच बोलले. ते खरंच हाय. आमच्या वेळी मला बघायला आले तेव्हा माझ्या आत्याने सांगितलं होतं, यमुनाला भूक पण लागत न्हाय. मग सासरी पहिलं वर्ष मी लाजून अर्धी भाकरी खाल्ली. चांगलं बोलण्याने माणूस उपाशी राहतो तो असा.

प्र. तिला म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघींनी मिळून माझी गाडी मोडलीत. लग्न मोडलं असतंत तर पेढे दिले असते." विमल हसता हसता रडली का रडता रडता हसली, कळलं न्हाय. जाताना म्हणते, मोटारसायकल कशाला गं, मुली स्कूटी घेतात. प्र. म्हणाली, वाडा रोडचे खड्डे स्कूटीला विचारा.

रविवार, ता. ९

हे लिहायलाच पाहिजे. हात दुखला तरी.

मिलिंद सकाळी आम्हाला अंजूरला घेऊन गेला. गोडाऊनच्या मागे मोकळं मैदान हाय, पूर्वी भातशेती होती. तिथे त्याच्या कामावरच्या जोडीदाराची जुनी मोटारसायकल. वर्षभर दर रविवारी प्र. तिथे शिकत होती. लायसन पण काढलंय. मला सांगायची मैत्रिणीकडे जाते. बाप सामील.

गाडी केवढी, पोरगी केवढी. पण पायाने असा एक झटका दिला आणि गेली की. लांब भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. पाठ ताठ. तिचे आजोबा लूमवर उभे राहायचे तसेच, खांदे खाली, नजर समोर. मला बघवेना आणि नजर पण हटेना.

म्हणाली बस मागे. मी एका बाजूला पाय करून बसले. ती म्हणते दोन्हीकडे पाय टाक, अंबाडीला तसंच बसावं लागेल. म्हटलं मला कोण नेतंय अंबाडीला. म्हणाली मी. टाकले दोन्हीकडे. साडी गुडघ्यापर्यंत. हमाल लोक बघत होते, बघू देत.

तीन फेऱ्या मारल्या. कानात वारा. ओरडले असेन, आठवत न्हाय. मिलिंद म्हणतो ओरडलीस.

परत येताना ठरवलं, मी जाणार फायनान्सवाल्यांकडे. मी बिघडवलं, मी बोलेन.

मंगळवार, ता. ११

शोरूमला गेलो. मी, प्र. आणि विमल. विमलला नको म्हटलं तरी आली, पण तोंड उघडायचं न्हाय या अटीवर.

फाईलवाले तिथेच टेबलावर. ओळखलं मला, म्हणाले चहावाल्या आजी. मी उभ्याउभ्याच सुरू झाले. म्हटलं, साहेब, तुम्ही कशाचे ते मला कळलं न्हाय, मी लग्नाचं बोलले. आता खरं ऐका. पोरगी पहाटे पाचला उठते. पोळ्या करून साडेपाचला बाहेर पडते. कोनला एक म्हातारे हायत, त्यांच्या हाताला शीर सापडत न्हाय, दवाखान्यात चार चार वेळा टोचायचे. ही एकदाच टोचते. ते दुसऱ्या कोणाला हात देत न्हायत. नोकरी ती सोडणार न्हाय. मी मेले तरी सोडणार न्हाय. आणि गाडी येते. मी बसून आलेय.

सगळ्या शोरूमने ऐकलं. एक गिऱ्हाईक गाडी बघायची सोडून मला बघत होतं.

साहेबांनी पाणी दिलं. म्हणाले ते ठीक आहे आजी, पण अडचण अजून एक आहे. हिची हिस्ट्री नाही. हिला आजपर्यंत कोणी कर्ज दिलंच नाही, मग ही फेडते की नाही ते आम्हाला कळणार कसं.

मी म्हटलं, म्हणजे कोणापुढे कधी हात पसरला न्हाय, हाच दोष?

"दोष नाही आजी. पाटी कोरी आहे. आम्हाला थोडं लिहिलेलं लागतं."

तिच्यासोबत कोणाचं तरी लिहिलेलं नाव पाहिजे. मग साहेबच म्हणाले, आजी, तुम्ही कधी कर्ज घेतलंय? मला लाज वाटली सांगायला. म्हटलं घेतलंय, बचत गटाचं. आधार, पॅन दिलं. (आधारवर माझा जन्म १ जानेवारीचा हाय. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका त्याच दिवशी जन्मल्या.) मोबाईलवर नंबर आला, तो प्र.ने सांगितला. साहेब कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजी, तुमची हिस्ट्री तर एक नंबर आहे."

चार वेळा घेतलेलं दिसलं. चारही वेळा फेडलेलं. एक हप्ता चुकलेला न्हाय. सुताच्या कांड्या भरायची मशीन, घरावरचे पत्रे, मिलिंदचं आजारपण. साहेबांनी स्क्रीन फिरवली. चौथ्याची तारीख प्र.ने वाचली. तिच्या लॅबच्या कोर्सची फी भरली तो महिना. तिला मी सांगितलं होतं, आजोबांचे साठवलेले हायत.

तिने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

चौथीला इतिहासाचं पुस्तक मिळायचं. मी तिसरीतून सुटले, ते पुस्तक काही हातात आलं न्हाय. आणि आता बघा, शिकलेल्या नातीला इतिहास न्हाय आणि माझा निघाला.

अर्जावर आता दोघींची नावं. पण घरची चौकशी परत होणार, वरचे साहेब येणार. शेजारी पण विचारणार. हे ऐकून विमलने तोंडावर पदर धरला. दिवस फोन करून सांगतो म्हणाले.

गुरुवार, ता. १३

गटाची मीटिंग विहाराच्या हॉलमध्ये. मी सांगितलं कॉम्प्युटरमध्ये आपलं सगळं लिहिलेलं हाय. बायकांना खरं वाटेना. आपण कोणाला सांगितलं न्हाय, मग लिहिलं कोणी? एकजण म्हणाली, माझा एकदा चुकला होता, पोरगा दवाखान्यात होता तेव्हा. तो पण लिहिला असेल का? मी म्हटलं असेल, पण दवाखाना लिहिला नसेल.

मग टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. मी खाली बघितलं पण ऐकल्या सगळ्या.

सोमवार, ता. १७

फोन न्हाय.

सही एकसारखी आली पाहिजे असं प्र. म्हणते. पॅनवर आहे तशी. रोज दहा वेळा काढते.

यमुना यमुना यमूना यमुना

तिसरी चुकली.

विमलची तालीम घेतली. मी साहेब झाले. विचारलं, मुलगी कशी हाय? म्हणाली फार शालीन. डोक्याला हात लावला. परत विचारलं. आता म्हणते, शालीन हाय आणि गाडी जोरात चालवते. जोरात नको म्हटलं. नुसतं चालवते म्हण.

गुरुवार, ता. २०

फोन न्हाय. मार्चला आठ दिवस राहिले. लॅबमध्ये दुसऱ्या एकाने पण अंबाडीचा रूट मागितलाय, त्याच्याकडे भावाची गाडी हाय. प्र. आज हेल्मेट घेऊन आली. लाल. गाडी न्हाय आणि हेल्मेट हाय. मिठाच्या बरणीशेजारी ठेवलंय.

शनिवार, ता. २२

पुन्हा पहिली विमलच. या वेळी शहाणी झालीय, पाहुण्यांना कोपऱ्यावर थांबवून पुढे आली. म्हणते आले, पण कशाचे ते विचारलं न्हाय.

मी दारातच उभी राहिले. एक बाई, माझ्याहून थोडी लहान, आणि एक मामा. म्हटलं, आधी सांगा, गाडीचे का लग्नाचे? बाई मामांकडे बघायला लागली. मामा म्हणाले, कल्याणहून आलोय, मुलासाठी. म्हणजे हे खरे.

आत घेतलं. प्र. कामावर. बाईने विचारायला सुरुवात केली, मुलगी नोकरी करते म्हणे. माझ्या जिभेवर आलं होतं, हौस म्हणून. समोर लाल हेल्मेट दिसलं. म्हटलं, करते आणि करणार. लग्नानंतर पण. पहाटे साडेपाचला घर सोडते, घरोघर जाऊन रक्त घेते, कोणाला दुखू देत न्हाय. मोटारसायकल घेतेय, गियरची. हप्ता स्वतःच्या पगारातून भरणार, कर्जाला माझं नाव जोडलंय. मान वर करून चालते, न्हायतर खड्डे दिसत न्हायत.

विमलने डोळे मिटून घेतले.

मामा चहा फुंकत बसले. बाई हेल्मेटकडे बघत होती. मला वाटलं गेलं हे पण. मग हळूच म्हणाली, "रक्त घेताना दुखत नाही म्हणता? मला दर महिन्याला शुगर बघायला लागते. हात काळानिळा करतात मेले." पदर सारून हात दाखवला. खरंच काळानिळा.

म्हटलं मंगळवारी तिची सुट्टी, घरीच असेल. बाई म्हणाली, मग मंगळवारीच येतो, मुलाला घेऊन, बारापर्यंत.

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले न्हायत तोवर फोन वाजला. फाईलवाले. वरचे साहेब मंगळवारी अकराला येतायत, दोघी घरी राहा, शेजारी पण असू द्या.

प्र. आल्यावर सांगितलं. म्हटलं एकाच दिवशी, एका तासाच्या फरकाने, कसं करू? ती हात धूत होती. म्हणाली, "गाडीवाले आधी येतायत ना, मग झालं."

दूध जास्त सांगितलंय. विमलला नवी साडी नेसू नकोस म्हणून सांगितलं, परत गोंधळ व्हायचा.

मंगळवार, ता. २५. अकरा वाजता गाडीचे, बारा वाजता कल्याणचे. नक्की येतो म्हणालेत दोघेही.