मागच्या फाटकासाठी भाषण

सर,

तुमच्यावर रागावलोय मी. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि इथे सर्जापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून मी तुमच्याशी भांडतोय. भांडू द्या.

कवितेच्या तासाला तुम्ही डोळे मिटून चाल धरलीत की बेळगावकडची ती कौलारू शाळा तरंगायला लागायची. अजूनही तरंगते. पण त्याच तोंडाने तुम्ही आम्हाला वादविवाद शिकवलात. चिठ्ठी उचलायची, सकाळी बाजूने बोललेल्या पोराने डबा खाऊन आल्यावर त्याच विषयाच्या विरुद्ध बोलायचं. "पण सर, यातलं खरं कुठलं?" मी विचारलं, तर केवढ्यांदा ओरडलात! "खरं-खोटं घरी. इथं समोरचा मान डोलवतो का ते बघ."

परवा सोसायटीची बैठक होती. मागचं फाटक कायमचं बंद करायचं म्हणे, सुरक्षेसाठी. तिथून येतात त्या फक्त कामाच्या बायका. सेक्रेटरी उठला. आवाज चढवला, एकदम उतरवला, थांबला. "मी सेक्रेटरी म्हणून नाही, एका मुलीचा बाप म्हणून बोलतोय." सगळ्या माना डोलल्या. अगदी तुमचाच धडा, सर! त्या फाटकातून आजवर चमचासुद्धा चोरीला गेलेला नाही. मी उठून तेवढंच सांगितलं, आणि आमच्या स्वयंपाकाच्या अक्काचा गुडघा दुखतो, हेही. "अंकल, इमोशनल नका होऊ," म्हणाला. मी! इमोशनल! लोक हसले, आणि ठराव मंजूर झाला.

अक्काला सांगितलं. कणीक मळता मळता तिच्या कन्नडात म्हणाली, "आगल्ल अज्जा. मोठ्या रस्त्याने एवढा फेरा नाही जमायचा. महिनाअखेरपर्यंत येते, मग दुसरी बघा." भांडली नाही, रडली नाही. तिला कोणी शिकवलंय?

शिकवायचंच होतं तर ऐकणाऱ्यांनाही शिकवायचं होतंत. आपल्याला आत्ता गुंडाळलं जातंय, हे ओळखायला. तो तास तुम्ही कधी घेतलाच नाहीत. सगळी मेहनत बोलणाऱ्यांवर, आणि बक्षिसाच्या ढालीही त्यांनाच.

रविवारी फेरविचाराची बैठक आहे, माझ्याच हट्टापायी. भाषण तयार आहे. कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं, सगळं बसवलंय. हे तुमच्यापर्यंत काही पोचायचं नाही, म्हणून सांगतो. त्या भाषणात अक्काची एक लहान नात आहे, तिचं बोट धरून मोठा रस्ता ओलांडणारी. अक्काला नात नाही.