कृपया आहेर आणू नये

१ सप्टेंबर
दोन वर्षांनी संस्थेची मीटिंग खऱ्या खुर्च्यांवर झाली. सगळे एकमेकांपासून इतके लांब बसले की भांडण झालंय असं वाटावं. चिटणीस बोलण्याआधी हात वर करून थांबायचे. कोणीतरी 'अनम्यूट' करेल म्हणून, बहुतेक.
विषय एकच: आपली गाडी. डायलिसिसच्या पेशंटना घरून हॉस्पिटलला फुकट नेणारी-आणणारी व्हॅन साथीच्या काळात उभी राहून राहून बसली. उंदरांनी वायरी खाल्ल्या, इंजिन जाम. नव्या इंजिनाचे निम्मे पैसे संस्थेत आहेत. उरलेले जमवायचे.
खजिनदारबाई म्हणाल्या, शंभर लोकांना फोन करू, सरळ मागू. मी म्हटलं, बाई, मागणं म्हणजे हात पसरणं. लोक दोन वर्षं घरात कोंडले होते, त्यांना जेवायला बोलवा. माणूस पोटातून मऊ होतो. फंडरेझिंग डिनर! खर्च? इंजिनाच्या निम्म्यातून. पैशाकडे पैसा जातो. बाई म्हणाल्या, आणि जेवणाकडे?
ठराव एकमताने पास. बाईंचं मत धरलं नाही.

३ सप्टेंबर
संकल्प: १) रोज एक तास फक्त डिनरला. २) वजन कमी. कोट घालायचा आहे. ३) बायकोशी या विषयावर बोलायचं नाही.

४ सप्टेंबर
कोटाचं बटण आणि काज यांची भेट होत नाही. साथीत ड्रायक्लीनवाल्याकडे पडून कापड आटलं असणार.
शाळेतल्या मास्तरांचा फोन. आम्हाला भूगोल शिकवायचे, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गाडी कधी सुरू होतेय? म्हटलं, मास्तर, निधीसाठी जेवण ठेवलंय, पुढच्याच महिन्यात सुरू, तुम्ही निश्चिंत राहा. टॅक्सीला फार पडतात म्हणाले. म्हटलं, आता थोडेच दिवस. किती बरं वाटलं त्यांना! मला तर फारच.

८ सप्टेंबर
हॉल ठरवला. साथीत तिथे औषधांची खोकी ठेवली होती, अजून सॅनिटायझरचा वास येतो. मॅनेजर म्हणाला की हा वास म्हणजे स्वच्छतेची गॅरंटी. पटलं. झुंबराचे पैसे वेगळे. झुंबर लावायचं नसेल तर काढून ठेवण्याचे पैसे वेगळे. लावायचं ठरवलं, म्हणजे बचत झाली.

१३ सप्टेंबर
केटररकडे टेस्टिंग. मोठा उमदा माणूस. दोन वर्षांत धंदा बसला, भांडी आतेभावाच्या गोठ्यात ठेवावी लागली. मला चव घेण्यासाठी तीनदा यावं लागेल म्हणाला, कारण पहिल्या खेपेला जीभ अंदाज घेते. चार प्रकारची सुपं. चौथं सर्वोत्तम, पण खात्रीसाठी पहिलं पुन्हा घेतलं.
(संकल्प २ पुढच्या सोमवारपासून.)

१४ सप्टेंबर
खजिनदारबाईंनी विचारलं, पेशंटना डिनरला बोलवायचं का? लोकांना कळेल पैसे कशासाठी ते. म्हटलं, त्यांना पथ्य असतं. मीठ नाही, पाणी मोजून. समोर ताटं आणि ते उपाशी, हे बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, नाहीच दिसत.

१७ सप्टेंबर
आज निमंत्रणपत्रिका. बाईंचा मसुदा होता: 'सढळ हाताने मदत करावी.' वीजबिलाची नोटीस वाटते. मी स्वतः बसलो. कॉम्प्युटरवर मुलीच्या लग्नाची पत्रिका सापडली, भाषा तयारच होती. नावं बदलली. शेवटी काय लिहावं यावर फार विचार केला. साथीआधीच्या कार्यक्रमात लोकांनी पुष्पगुच्छ, घड्याळं आणि एका मेहुण्याने (माझ्याच) प्लॅस्टिकचा धबधबा आणला होता. तो अजून ऑफिसात आहे, प्लग लावला की कण्हतो. हे टाळायचं म्हणून तीच ओळ ठेवली: 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'
वाचून माझंच मन भरून आलं. लगेच दीडशे लोकांना व्हॉट्सअ‍ॅप केलं.

१८ सप्टेंबर
सकाळी सातला खजिनदारबाईंचा फोन. त्यांनी माझी पत्रिका मला शेवटपर्यंत वाचून दाखवली. मग विचारलं, निधी गोळा करायच्या जेवणाला आहेर आणू नये?
समजावलं की आहेर म्हणजे वस्तू. देणगी म्हणजे आहेर नव्हे. शब्दकोश बघा. बाई म्हणाल्या, पाहुणे शब्दकोश घेऊन येणार आहेत का? दुरुस्ती पाठवा. आता दुरुस्ती काय पाठवू? 'आहेर आणावा' असं? जीभ उचलत नाही, बोटही उचलेना. सुज्ञ लोक आहेत, समजून घेतील.
बायको चहा देताना म्हणाली, अहो, तुम्हाला मागायची लाज वाटते, एवढंच आहे. संकल्प ३ मोडला गेला, माझी चूक नाही.

२४ सप्टेंबर
रिस्पॉन्स जबरदस्त! शंभरावर लोक येणार. मोठे गोडाऊनवाले साहेबसुद्धा, जे गेल्या दहा वर्षांत कोणाकडे गेले नाहीत. म्हणाले, निमंत्रण वाचून बरं वाटलं. बघा! खजिनदारबाईंना मुद्दाम कळवलं.
काही जणांनी घरूनच हजर राहायला लिंक मागितली. दोघांनी विचारलं, जमणार नाही, पण पार्सल मिळेल का? माणसांची सवय गेली आहे, ती आपणच परत लावायला हवी. पार्सलला हो म्हटलं.

२९ सप्टेंबर
मास्तरांनी या आठवड्यात दोन डायलिसिस चुकवली. टॅक्सी परवडेना. पाय सुजलेत, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. बायको म्हणाली, आपली गाडी दारात उभी आहे, तुम्ही रिकामे आहात, सकाळी नेऊन सोडा. तिला कसं सांगू की हा एका पेशंटचा प्रश्न नाही, सिस्टिमचा आहे. शिवाय उद्या सकाळी नॅपकिन घडीबाबत केटररबरोबर मीटिंग. पंखा की कमळ, अजून ठरत नाही.

७ ऑक्टोबर
भाषण तयार. आरशासमोर अकरा मिनिटं. शेवटचं वाक्य: 'मित्रहो, आता पाकिटं उघडा!' टेबलांवर देणगीसाठी पाकिटं ठेवायची हे बाईंनी परस्पर ठरवलंय, चुकून बरोबर ठरवलंय. कोट बसत नाही, पण उघडा कोट जास्त आपुलकीचा दिसतो.

१० ऑक्टोबर, सकाळी
काल डिनर झालं. यश! दणदणीत!
लोक दोन वर्षांनी भेटत होते. आधी कोणाला कळेना हात मिळवायचा, कोपर की नुसती मान. दोन उद्योजकांची कोपरं एकमेकांना लागली. मग सूप आलं आणि सगळे सैल झाले. हॉलमध्ये असा कलकलाट की माझेच डोळे पाणावले.
मी माईक घेतला आणि सवयीने म्हणालो, माझा आवाज येतोय का? शंभर जणांनी अंगठा वर केला. भाषण छान चाललं होतं. शेवटच्या वाक्यावर आलो, तोच गोडाऊनवाले साहेब उठले. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा असं जेवण पाहिलं जिथे कोणी खिशात हात घालत नाही. जिकडे जावं तिकडे पावतीपुस्तक. यांनी आधीच लिहिलं, आहेर नको! अशी माणसं उरलीत कुठे? उभं राहून टाळ्या. साहेबांनी मिठी मारली, साथीनंतरची माझी पहिली मिठी.
आता अशा वेळी माणूस पाकिटं उघडा म्हणेल का? मी म्हणालो, आम्हाला काही नको, फक्त लोभ असावा.
खजिनदारबाई मागच्या टेबलावर बसल्या होत्या. त्यांनी डोक्याला हात लावलेला दिसला. उकडत असेल.

१० ऑक्टोबर, दुपारी
पाकिटं उघडली. बहुतेक रिकामी. एकात टूथपिक. एकात नोट होती, ती बाईंची निघाली. सहा पाकिटांत चिठ्ठ्या: केटररचा नंबर द्याल का?

१३ ऑक्टोबर
हिशेब. खजिनदारबाई शांत होत्या, त्यामुळे जास्त भीती वाटली. इंजिनाचे निम्मे पैसे होते, ते संपले. बाई म्हणाल्या, आपण इंजिन खाल्लं. सुपात रेडिएटर गेला, आईस्क्रीममध्ये गिअरबॉक्स. हॉलचं आणि झुंबराचं बिल अजून यायचंय.
मी म्हटलं, गुडविल जमलं ते? बाई म्हणाल्या, ते गॅरेजवाला घेतो का विचारा.
विचारलं. घेत नाही.

२१ ऑक्टोबर
गाडी विकायचा ठराव. या वेळी बाईंचं मत धरलं. गॅरेजमध्ये गाडी घ्यायला कोण आलं? केटरर! डिनरनंतर त्याला इतक्या ऑर्डर आल्या की भांडी न्यायला गाडी हवी. नवं इंजिन तो स्वतः टाकणार. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, साहेब, तुमच्यामुळे मी उभा राहिलो.
म्हणजे डिनर अयशस्वी म्हणता येणार नाही. कोणीतरी उभं राहिलं. गाडीच्या पैशांतून हॉलचं आणि झुंबराचं बिल फिटलं.
हे मास्तरांना कोण सांगणार? मी त्यांचा फोन घेतला नाही. दोनदा घेतला नाही. लाज वाटली.

२ नोव्हेंबर
रात्रभर झोप नव्हती. सकाळी बायकोने आमच्या गाडीची किल्ली चहाच्या बशीत ठेवली. साडेसहाला मास्तरांकडे गेलो. सुनेने धरून बसवलं. बूट पायात जात नव्हते, चपला होत्या. मास्तरांनी निघाल्या निघाल्या माझा गिअर चुकीचा आहे हे सांगितलं. व्हॅनचा ड्रायव्हर बरा होता म्हणाले.
मोठ्या सिग्नलला थांबलो. पुढे आमची व्हॅन. बाजूला केटररचं नाव रंगवलंय, पण मागच्या दारावर अजून संस्थेचीच पाटी. आतून कांदा परतल्याचा वास. मास्तरांना आता कमी दिसतं, पण पाटी मोठी आहे. एकदम खूश झाले. अरे, गाडी सुरू झाली की! जेवण कामाला आलं म्हणायचं. आणि म्हणाले, मग आपण ह्या डबड्यात का बसलोय?
हो, सुरू झाली, असं म्हणणार होतो. आजवर हेच केलंय, लोकांना बरं वाटेल ते सांगायचं. पण म्हणालो, मास्तर, ती विकली. पैसे मी मागितलेच नाहीत कोणाकडे. सगळं जेवणात गेलं.
हॉस्पिटल आलं. मास्तरांनी दारात उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि विचारलं, जेवण तरी बरं होतं का?
म्हटलं, छान होतं.