बिनमिठाची भाकर

आई, आज शनिवार आहे. दुपार कलली आहे, तुझी परात धुऊन ओट्यावर उपडी घातली आहे आणि मी टेबलाशी बसून तुला लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आता जरा थांबावं लागतं. तुझे हात मात्र लगेच दिसतात. हे जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्यांचे हात कसे होते ते आठवू म्हटलं तर आठवत नाहीत. असं का होतं, देव जाणे. मी रडत नाही. बँकेत जाते, घरी येते, आमटी-भात करते, जेवते, भांडी घासते. शेजारीण म्हणते, किती धीराची आहेस गं. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नाही, तर सांभाळायचं काय?

आपल्या घरी आठवडाभर ज्वारी. गहू पाहुण्यांसाठी आणि चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी. देवळातल्या भाकरीचं पीठ तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वेगळं ठेवायचीस आणि त्या डब्याला हात लावायची आमची छाती नव्हती. महिन्याचा पहिला रविवार उद्यावर आला की शनिवारी दुपारी तू न्हाऊन, केस घट्ट बांधून चुलीपाशी बसायचीस. एरवी तुझ्या तोंडाला विसावा नव्हता. वळसंगच्या माहेरच्या गोष्टी, शेजारणीशी अर्धं कानडी अर्धं मराठी भांडण, अण्णांच्या मिलमधल्या मुकादमाला शिव्या, सगळं एका दमात. पण पीठ चाळायला घेतलंस की तू गप्प. पीठ, पाणी, बोटभर तेल. मीठ नाही. जाडसर पोळी तव्यावर मंद आचेवर भाजताना तू फुंकर घालतेस, उलटतेस, कडा दाबतेस, आणि आम्ही दोघी बहिणी दारात उभ्या राहून तुझ्याकडे बघतो आहोत. आम्हाला भूक लागलेली असते, गव्हाचा वास घरभर सुटलेला असतो, पण मागायचं नाही हे माहीत असतं.

एकदा मी विचारलंच की आई, तू चाखून का बघत नाहीस? आमटी चाखतेस, चहासुद्धा बशीत ओतून आधी तूच बघतेस. तू पोळीवरून नजर न काढता म्हणालीस की ह्या भाकरीचा पहिला घास देवळात, घरात न्हाय. त्यावर मी रविवारच्या शाळेत बाईंनी शिकवलेलं मोठ्या ऐटीत बोलून दाखवलं, की भाकर ही प्रभूच्या शरीराची फक्त आठवण असते, तिचं काही होत नाही, ती भाकरच राहते. मारशील असं वाटलं होतं. तू भाकर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलीस आणि मग म्हणालीस, "तिचं काय हुतंय ते मला कुटं कळतंय? कळलं असतं तर झाकून कशाला नेली असती?" तेव्हा मला ते अडाण्याचं उत्तर वाटलं होतं. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना मी ते हसत हसत सांगतसुद्धा असे.

मग लग्न झालं आणि आम्ही होटगी रोडवरच्या नव्या मंडळीत जायला लागलो. तुला ती कधी आवडली नाही, पण तू बोलली नाहीस, जी तुझ्या हिशेबी मोठीच गोष्ट होती. मंगल कार्यालयाचा हॉल, ड्रम, गिटार, भिंतीवर गाण्याचे शब्द, टाळ्या. आई, खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. बरे दिवस होते आमचे. हे पहिल्या रांगेत हात वर करून गायचे आणि त्यांचा सूर नेहमी चुकायचा. प्रार्थना ज्याला जशी सुचेल तशी, मनातून आली पाहिजे, छापील नको. मलाही सुचायची. तेव्हा मन भरलेलं होतं, वाट्टेल तेवढं बाहेर काढा.

हे गेले ते सकाळी, दाढी करता करता. त्या मंडळीतल्या लोकांनी काही कमी केलं नाही, महिनाभर डबे आणून दिले, त्यांना नावं ठेवली तर माझ्या जिभेला किडे पडतील. पण एका रविवारी त्यांनी मला पुढं बोलावलं आणि साक्ष दे म्हणाले, प्रभूने दुःखात कसा आनंद दिला ते सांग. माइक हातात घेऊन मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघतायत, गिटारवाला हळूहळू तार छेडतोय, आणि माझ्या मनात एक शब्द नाही. दुःखाचाही नाही. कोणीतरी म्हणालं, पवित्र आत्म्याला मोकळं सोडा ताई. मी माइक परत दिला, चपला घातल्या आणि घरी आले. त्यानंतर तिकडे पाय वळला नाही.

पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी मी आपल्या जुन्या देवळात जाऊन मागच्या बाकावर बसले. भक्तिबिक्ती काही नव्हती, घरात घड्याळाची टिकटिक नकोशी झाली होती, एवढंच. तेच उंच छत, त्याच खिडक्या, माणसं कमी झालेली. नवे पाळकसाहेब माझ्या पुतण्याच्या वयाचे आहेत. ते उठले, सगळे उठले, आणि पापांगीकाराची प्रार्थना सुरू झाली. आई, माझं तोंड आपलं आपण चालू झालं. इतक्या वर्षांत एकदाही म्हटली नव्हती, पण शब्दाला शब्द लागून येत गेला. मी काही म्हणत नव्हते, माझ्याकडून म्हटलं जात होतं. आणि कुणी विचारलं नाही की बाई, तुला आतून काय वाटतंय. मला काहीच वाटत नव्हतं आणि त्यावाचून तिथं कुणाचं अडत नव्हतं. मग सगळे खाली बसले आणि शांतता झाली. पंखा फिरत होता. त्या हॉलमध्ये शांतता कधी नसायचीच, गाणं थांबलं तरी गिटार वाजत राहायची. इथं मात्र कुणाला ती शांतता भरून काढायची घाई नव्हती. टेबलावर पांढऱ्या कपड्याखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि मी त्या कपड्याकडे बघत बसले.

तेव्हापासून जाते. पण प्रभुभोजनाला पुढं जात नाही. रांग सुरू झाली की मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसते. आत एवढं कोरडं घेऊन त्या टेबलाशी जायचं म्हणजे थट्टा वाटते. पाळकसाहेबांनी ते पाहिलं असणार. गेल्या रविवारी दाराशी थांबवून म्हणाले की भाकर करणाऱ्या काकू मुलीकडे पुण्याला गेल्या, आता बेकरीतला पाव कापून ठेवतोय, तुमच्या आईंच्या हातच्या भाकरीची आठवण जुने लोक अजून काढतात, तुम्ही कराल का. मी म्हटलं, मी अजून पुढं येत नाही, माझ्या हातची कशी चालेल? ते म्हणाले, "भाकर करायला पुढं यावं लागत नाही, ताई. घरीच करायची असते."

घरी आले तर मला अण्णा गेले तो आठवडा आठवला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तू दिवसभर पोळ्या लाटत होतीस, मातीला आलेली माणसं जेवून जात होती. शनिवार आला तसं आत्या म्हणाली की ह्या महिन्याला दुसरं कुणीतरी करील, तू पड जरा. तू ऐकलं नाहीस. न्हालीस, केस बांधलेस आणि बसलीस. रविवारी पुढं जाऊन मी घास तोंडात घेतला तर भाकर खारट. दिवसभराच्या पोळ्यांची सवय, हात आपसूक मिठाकडे गेला होता. चाखायची तर तुझी रीतच नव्हती. सगळ्या देवळाने ती भाकर खाल्ली आणि एकाही माणसाने हूं की चूं केलं नाही. सगळ्यात शेवटी तू घेतलीस. तुझा चेहरा मी बघत होते. तू डोळे मिटून चावत राहिलीस.

घरी येताना मी विचारलं की एवढं दुःख झालेलं असताना तुला भाकर करवली तरी कशी. तू म्हणालीस, "मला कुटं काय वाटत हुतं गं? हात करत हुते. मी नुसती बसले हुते की त्यांच्यासंगं." मग पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, लई खारट झाली न्हाय? आणि हसलीस. माती दिल्यापासून पहिल्यांदाच. मला तेव्हा तुझा रागच आला होता.

तर आज मी केली. पीठ चाळलं, तेल घातलं, मळलं, भाजलं. गप्प राहायला मला तुझ्याइतके कष्ट पडले नाहीत, बोलायला घरात आहे कोण. भाजताना काही वाटलं असं म्हणणार नाही. गव्हाचा वास आला, तेवढा कळला. आता ती तुझ्याच पांढऱ्या कपड्यात झाकून समोर ठेवली आहे. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाहीच, लिहून झालं की फाडून टाकीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. भांडी आवरताना बघितलं तर मिठाचा डबा उघडा होता. सकाळच्या आमटीचा उघडा राहिला असेल, किंवा मळताना माझा हात गेला असेल. आई, मला खरंच आठवत नाही. कडेचा एक तुकडा मोडून बघितला असता तर लगेच कळलं असतं, पण मी नाही मोडला. आता उद्या पुढं गेल्याशिवाय मला ते कळायचं नाही.