बसल्या मापाचे वाफे

तीर्थरूप दादास,
वाकता येत नसल्यामुळे उभ्यानेच साष्टांग नमस्कार.

गेल्या खेपेस तू मला वाफ्यात आडवी पडलेली पाहिलीस आणि दुर्वासाच्या थाटात सुनावलंस, "पुरे झालं बागकाम! अंगणभर फरशी घालून टाक." तू धाडलेला फरशीवाला आला होता. त्याला पाणी दिलं, आणि वाटेला लावलं.

मग गवंड्याला बोलावलं. जमिनीवरचे वाफे मोडून विटांचे उंच वाफे करायला सांगितले. खुरप्याला लांब दांडा बसवला. गुलाबांना निरोप दिला. ते फार सेवा मागतात, जावयासारखे.

गवंडी माझ्या कमरेशी टेप धरू लागला, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले.

"आता माप घ्या. आणि वाफ्याखाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवा."

"पण बाई, तुम्ही तर चालताय!"

"अजून चालतेय. वाफे मात्र वीस वर्षं टिकायला हवेत."

त्याने खुर्चीशी टेप धरून पुन्हा माप घेतलं. मधली वाट मात्र त्याने आपणहून व्हीलचेअर जाईल इतकी रुंद केली.

डॉक्टर काय म्हणाले, ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. म्हणूनच हे पत्र पेटीत पडणार नाही. तू आधी रडशील, मग पुन्हा फरशीवाला धाडशील.

त्यापेक्षा दरवर्षी टोमॅटो पाठवीन. उभ्याने तोडलेले कुठले आणि बसून तोडलेले कुठले, हे ज्या दिवशी तुला चवीवरून सांगता येईल, त्या दिवशी खुशाल फरशी घाल.

तुझी आज्ञा मोडणारी,
धाकटी