साठ टक्के आपली शिट्टी

४ मार्च
पाच देशांनी मिळून व्यापारसंघ काढला, आपसातली जकात उठवली, आणि कामाचा डोंगर माझ्या टेबलावर! वस्तू निदान साठ टक्के या पाच देशांतच बनलेली हवी, तरच जकात माफ. ते तपासून दाखला द्यायचा. आज शिट्ट्यांच्या कारखान्यात गेले. कारखाना कसला, दोन खोल्या! मालक एकटेच, साठीला टेकलेले, कानांत कापूस. माझा प्रश्न तीनदा वाया गेल्यावर कापूस काढून म्हणाले, "माफ करा हं बाई. बायको गेल्यापासून दिवसभर आपणच वाजवायचं नि आपणच ऐकायचं."
हसू की नको, कळेना. हसले.

७ मार्च
हिशेब मांडला. पत्रा शेजारच्या देशातला, पण तो संघात आहे, म्हणजे आपलाच धरायचा. (इतकी वर्षं परका म्हणून अडवला, आता घरचा!) आतली बुचाची गोळी बाहेरची. मजुरी इथली. चौसष्ट टक्के — पास.
मी वही मिटणार, तेवढ्यात ते म्हणाले, "साखळी लिहायची राहिली तुमची. ती बाहेरून येते."
साखळी धरली, छप्पन्न झाले. नापास. शेजारच्या देशातल्या शाळांची मोठी ऑर्डर आलीय, जकात लागली तर ती हातची जाणार, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. गप्प बसले असते तर मला कळलंही नसतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा माणूस पाहिला नाही.

८ मार्च
शिट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. शिट्टीच, असं धरून चालू.

११ मार्च
पुन्हा गेले. एक सही राहिली होती. (राहिली नव्हती.) साखळीऐवजी इथलाच सुती गोफ लावला तर — असं बोलून गेले. तपासणारीने सल्ला द्यायचा नसतो, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी तिथल्या तिथे गोफ ओवून शिट्टी माझ्या हातात दिली. "वाजवून बघा." वाजवली. दोन्ही खोल्या दणाणल्या! गोफ धरून सहासष्ट टक्के.

१२ मार्च
वहिनी म्हणाली, "वन्सं, भांडी घासताना गुणगुणताय. तब्येत बरी आहे ना?"
म्हटलं, पाच देश एकत्र आलेत, आनंद नको व्हायला?
"पाचच ना? की सहावं कुणी?"
तिला अख्खी गल्ली उगाच नाही घाबरत.

१४ मार्च
अहवाल सहीला घेतला. तळाशी छापलेलं असतं — 'अर्जदाराशी माझा कोणताही संबंध नाही.' आजवर न वाचता सही ठोकत आले. आज पेन उघडलं, टोपण लावलं, घरी आले. आकडे चोख आहेत, कुणीही तपासावेत. खोट मोजणारीत आहे. त्यांनी नुकसान सोसून साखळी सांगितली, आणि मी हे लपवू?

१५ मार्च
फाईल दुसऱ्या तपासनिसाकडे द्या म्हणून साहेबांपुढे ठेवली. कारण लिहिलं — अर्जदाराशी नातं.
"नातं? कोणतं?" साहेबांनी चष्मा काढला.
"ठरलं की कळवते," म्हटलं. "आधी त्यांना सांगायला हवं."